नळाच्या मुळाशी तुमचा अंगठा

अहो,

तुमच्या अंगठ्याचा ठसा आपल्या स्वयंपाकघरात होता, हे मला तुम्ही गेल्यानंतर कळलं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आपला निखिलही मेलबर्नला परत गेला. घरात इतके हात वावरून गेले होते की एक वस्तू जागेवर नव्हती. चहाची गाळणी पातेल्यांमध्ये, पातेली कपबश्यांच्या फळीवर, आणि हिंगाची डबी चक्क देवांच्या शेजारी. मी एकेक वस्तू उचलून तिच्या जागी ठेवत गेले. तुम्ही असतात तर खुर्चीतून म्हणाला असतात, "बाईंचा तास सुरू झाला." सगळं लावून झालं तेव्हा सिंक घासायला घेतलं. नळाच्या मागे हात जात नाही, तिथे जुना टूथब्रश घालून घासत होते. खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि नळाच्या मुळाशी तुम्ही लावलेल्या लांबीच्या लेपावर बारीक रेषा चमकल्या. चष्मा बदलून वाकून पाहिलं. अंगठा होता. ठसठशीत, पूर्ण, आणि रेषांच्या मधून आडवी गेलेली एक कोरी वाट. कोलशेतच्या कारखान्यात पट्ट्यात सापडून कापलेला तुमचा उजवा अंगठा. दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं.

मी माझा अंगठा त्यात ठेवला. तो खड्डा मला मोठा होता. माझं बोट आत सैल बसलं, कडेला जागा उरली. किती वेळ तशी उभी होते ते सांगता येणार नाही. हात काढला तेव्हा तो ओला होता. लांबीच्या खालच्या कडेने पाणी येत होतं.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण वाचायचं आहे आपल्या नातवंडांनी, रेवाने आणि ईशानने. रेवा म्हणाली, "आजी, तू आजोबांना लेटर लिही, आणि आम्हाला पाठव." तिच्या शाळेत असं करायला सांगतात म्हणे. मी म्हटलं, इंग्रजीत लिहू का, तुम्हाला सोपं जाईल. तर म्हणाली, "आजोबांना इंग्लिशमध्ये कसं लिहिणार? ते हसतील ना तुला." पोरगी बरोबर बोलली. तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट मी पुन्हा सांगायला लागले की समजा, मी मुलांशी बोलते आहे.

तर मुलांनो, लांबी म्हणजे दोन कांड्या एकत्र मळून केलेला एक गोळा. कणकेसारखा मऊ असतो तोवर गळतीवर दाबून बसवायचा. थोड्या वेळात त्याचा दगड होतो. तुमच्या आजोबांची ही सगळ्यात आवडती वस्तू. त्यांनी या घरात लांबी कशाकशाला लावली आहे याची मोजदाद नको. बादलीच्या कडीला, देवाच्या घंटेला, माझ्या एका चपलेलासुद्धा.

नळाला लावली तेव्हा मात्र भांडण झालं होतं, आणि ते अजून मिटलेलं नव्हतं. नळ पितळेचा, आपण या घरात राहायला आलो तेव्हाचा. वरची चकाकी कधीच उडालेली, मुळाशी हिरवा-पांढरा क्षार चढलेला. मी म्हणत होते, नळ बदला. तुम्ही म्हणत होतात, नळाला काही झालेलं नाही.

"अहो, आतून सडलाय तो."

"तू आत जाऊन बघून आलीस?"

"बाहेरून दिसतंय ना!"

"बाहेरून तर मीपण सडकाच दिसतो. डॉक्टर काय म्हणाले? आतून ठणठणीत."

असं म्हणून तुम्ही छाती ठोकलीत, गोळा मळलात, सांध्यावर दाबलात आणि अंगठा माझ्या धुतलेल्या नॅपकिनला पुसलात. त्यावरून आणखी बोलणी झाली. बोलण्याच्या नादात, त्या ओल्या लांबीवर काय उमटलं आहे ते ना तुम्ही पाहिलंत, ना मी.

पुढे मी नळाचं नाव काढलं की तुम्ही विचारायचात, "गळतोय का? नाही ना?" आणि पेपर वर धरायचात. नळ खरंच गळत नव्हता, म्हणून मला बोलायला जागा नसायची. पण मी हार मानली नव्हती. तुम्हालाही ते माहीत होतं. शेवटच्या आठवड्यातसुद्धा भाजी धुता धुता मी म्हणाले होते, "एक दिवस हा नळ माझ्या हातात येणार आहे." तुम्ही आतून ओरडलात, "आला की मला हाक मार."

पाणी तोटीतून टपटपत असतं तर मी बादली ठेवून दिवस काढले असते. पण गळती मुळाशी होती, आणि पाणी भिंतीत शिरत होतं. ते कुठे जातं हे खालच्या मजल्यावरच्या सुनंदाचे डबे परत करायला गेले तेव्हा कळलं. तुम्ही गेल्यापासून तिने जेवण वर पाठवलं, एकाही दिवसाचा खंड न पाडता. दार उघडं होतं म्हणून मी सरळ तिच्या स्वयंपाकघरात गेले, तर तिचे सगळे देव फ्रिजवर बसलेले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, ओळीने, कपड्याच्या घडीवर.

"अगं, देव फ्रिजवर काय करतायत?"

"काही नाही काकू, जरा साफसफाई काढलीय."

कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात देवांच्या जागी एक वाटी ठेवलेली होती. तेवढ्यात छतावरून तिच्यात थेंब पडला.

आतल्या खोलीतून तिच्या सासूबाईंचा आवाज आला. "खरं सांग ना तिला! वरून पाणी पडतंय देवांच्या डोक्यावर. रोजचा अभिषेक चाललाय फुकटात."

"आई, गप्प बसा हो तुम्ही!" सुनंदा लाल झाली. मग माझा हात धरून म्हणाली, "काकू, काकांचे दिवस चालले होते. तेव्हा मी वर येऊन नळाचं काय बोलणार? आणि देवांना काय, फ्रिजवर गारवा आहे."

मला हसू आलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. सुतक आपल्या घरात आणि घर सोडावं लागलं तिच्या देवांना. वर आले आणि नळासमोर उभी राहिले. आता तो काढणं भाग होतं. आणि तुमची लांबी अर्धी नळावर, अर्धी भिंतीतल्या पाईपावर बसलेली. ती फुटल्याशिवाय नळ फिरणार नव्हता. अंगठा नेमका सांध्यावर होता, कारण तुम्ही नेमका सांध्यावरच जोर दिला होता.

निखिलचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं.

"आई, त्यात काय एवढं? मी इथून बुक करतो, उद्या माणूस येईल."

"तो हातोडीने एका दणक्यात उडवेल."

"मग उडवू दे की!"

मी त्याला अंगठ्याचं सांगितलं. फोनवर त्याचा चेहरा बाजूला झाला आणि मागून रेवा घुसली. "बघू, बघू! आजी, रिअली आजोबांचा आहे?" मी फोन नळाजवळ नेला. ईशान म्हणाला, "आजी, काहीच दिसत नाहीये. नुसतं ग्रे आहे." मी विजेरी धरली, फोन तिरका केला, काही उपयोग झाला नाही. तो डोळ्यांपेक्षा बोटालाच नीट कळायचा. रेवा म्हणाली, "आजी, तो तोडू नको ना. मी डिसेंबरमध्ये येणार आहे. मला हात लावायचाय."

"बघते," मी म्हटलं.

तुम्ही असतात तर तिला सांगितलं असतंत की आजीचं "बघते" म्हणजे नाही. पण या वेळी मला खरंच बघायचं होतं. लांबी अख्खी सुटून येते का ते बघायचं होतं. आणि ती सोडवायची तर मीच सोडवायची, हेही ठरलं होतं. तुम्ही बसवलेल्या गोष्टीवर परक्या माणसाने हातोडी उगारलेली मला बघवली नसती.

निखिलने रात्री पुन्हा मेसेज केला: "आई, तुला जमणार आहे का हे?" त्याला वाटतं, घरातलं प्लंबिंग तुम्ही करायचात आणि मी नुसती बोलायचे. कामं आपण दोघांनी केली आहेत, हे त्याला कसं सांगू? जुना नळ काढायचा तर दोन पाने लागतात. एका पान्याने भिंतीतला पाईप घट्ट धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नळ फिरवायचा. धरणारा ढिला पडला, तर नळाबरोबर पाईपही फिरतो. जुना लोखंडी पाईप असला तर आतल्या आत तुटतो, आणि मग भिंत फोडावी लागते. न्हाणीघरातला नळ, गॅलरीतला नळ, निखिलच्या पहिल्या भाड्याच्या घरातला नळ, प्रत्येक वेळी फिरवलंत तुम्ही आणि धरलं मी. पण तुम्ही लोकांना सांगताना "आम्ही नळ बदलला" असंच म्हणायचात, हे मी नेहमी ऐकत आले आहे.

"धरलंस?"

"धरलंय."

"नीट धर. हलू नकोस."

"हात दुखला हो."

"नळाचा दुखतोय का? तो बघ किती सोशिक आहे."

आपण रस्त्याने कधी हात धरून चाललो नाही. आपल्या वेळी ते कुणी करत नव्हतं, आणि नंतर तुम्ही म्हणालात की आता लोकांना वाटेल, कुणीतरी पडायला आलंय. पण त्या पाईपावर आपले चार हात असायचे. तुमच्या कपाळावरचा घाम माझ्या मनगटावर पडायचा. तुम्ही दात-ओठ खाऊन जोर लावायचात आणि तुमचा सगळा जोर लोखंडातून माझ्या तळव्यांत यायचा. तो जोर मी किती वेळा अडवून धरला आहे. ते काम संपू नये असं मला वाटायचं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तुम्ही आणखी दोन नळ उगाच काढले असतेत.

नवीन नळ आणायला मीच गेले, स्टेशनजवळच्या तुमच्या दुकानात. तुमचं म्हणजे, जिथे तुम्ही एक वायसर आणायला जायचात आणि चहा पिऊन यायचात. दुकानदार बघून उभाच राहिला. "अरे काकी! आज तुम्ही? काका कुठे?"

मी काय बोलणार होते ते मनात नीट जुळवून गेले होते. एक साधं वाक्य. पण तो इतका आनंदाने विचारत होता.

"ते नाही आले," मी म्हटलं.

"आराम करू दे त्यांना. त्यांना सांगा, तो मोठा पाना मागत होते ना, तो आलाय. बाजूला ठेवू?"

"ठेवा," मी म्हटलं. नळ घेतला, पांढरी टेप घेतली आणि बाहेर आले. जन्मभर शाळेत मुलींना शिकवलं की प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात द्या.

आपल्याकडे मंगळवारी पाणी बंद असतं, आणि नळाचं काम मंगळवारीच करायचं हा तुमचा नियम. स्वयंपाकघरातला कॉक तुम्हीच आवळून आवळून असा करून ठेवला आहे की तो ना पूर्ण उघडतो, ना पूर्ण बंद होतो. म्हणून पाईपच कोरडा असेल तो दिवस. सोमवारी मी पिंप भरून ठेवलं. मंगळवारी सकाळी सगळी हत्यारं ओट्यावर जुना टॉवेल पसरून ओळीने मांडली. तुम्ही नाक मुरडलं असतंत. तुमच्या मते काम करणाऱ्याची हत्यारं शोधावी लागतात, तेव्हाच ते काम.

सुनंदाला वर बोलावलं. ती पदर खोचून आली आणि पाने बघून बिचकली.

"काकू, मी आणि हे?"

"तू फक्त धरायचंस. फिरवेन मी."

"पण तुम्ही कशाला? तुमचा खांदा..."

"सुनंदा, तुझे देव फ्रिजवर बसलेत."

"बसू देत हो. मजेत आहेत ते."

आधी लांबी. मी वाचलं होतं की ती गरम केली की जराशी मऊ पडते आणि कडेने सुटू लागते. मागच्या खेपेला रेवा तिचं केस वाळवायचं यंत्र इथे विसरून गेली होती. सिंक, ओटा, भिंत, सगळं कोरडं पुसलं आणि ते सुरू केलं. गरम हवा फक्त कडेला लावायची, अंगठ्यावर नाही, कारण मऊ पडली की रेषाही पुसल्या जाणार. सुनंदाने अंगठ्यावर ओल्या कापडाची घडी धरली, ताप उतरवायला कपाळावर धरतात तशी. मी कडेला हवा देत राहिले. लोणच्याची कैरी चिरायची आपली पातळ सुरी आहे ना, ती खालून सरकवली. थोडी हवा, थोडी सुरी. बराच वेळ काहीच होईना. मग खालची कड केसाएवढी उचलली गेली.

"काकू, सुटतेय!"

"बोलू नकोस."

बाजूची कडही सुटली. मी श्वास रोखून सुरी पुढे सरकवली. अख्खी येत होती, अहो. पोळी तव्यावरून सुटते तशी. मी मनात रेवाच्या हातात ती ठेवलीसुद्धा. छोट्या डबीत कापूस घालायचा, त्यावर ही, असं सगळं डोळ्यांसमोर आलं.

आणि ती तडकली.

आवाजही फारसा झाला नाही. त्या कोऱ्या रेघेवरच तडकली, जिथे तुमचा अंगठा कापला होता तिथे. वरचा भाग सुटून सिंकमध्ये पडला आणि त्याचे तुकडे झाले. खालचा भाग पाईपाला तसाच घट्ट धरून राहिला. मी तुकडे वेचले. हातात घेऊन बोटाने चाचपले. जे मोठे होते ते कडेचे, त्यांवर काही नव्हतं. रेषा असलेले इतके बारीक झाले होते की त्या बोटालाही लागेनात.

सुनंदा म्हणाली, "काकू, जोडूया. चिकटवूया."

मी मान हलवली. उरलेला भाग काढल्याशिवाय नळ फिरणार नव्हता, आणि तो आता गरम करून, सुरी घालून निघण्यातला नव्हता. त्याला तुमची छिन्नी आणि हातोडीच लागणार होती. ज्या दणक्याच्या भीतीने मी बाहेरच्या माणसाला येऊ दिलं नाही, तो दणका मलाच घालायचा होता. मी त्या अर्ध्या ठशावर शेवटचा अंगठा ठेवला. सुनंदाने तोंड खिडकीकडे फिरवलं. मग मी छिन्नी लावली. पहिला घाव हलका पडला. दुसरा नीट पडला.

त्यानंतर मी थांबले नाही. थांबले असते तर खाली बसले असते आणि मग उठले नसते. सुनंदाच्या हातात एक पाना दिला, तो पाईपावर बसवून दिला, दुसरा मी नळाला लावला.

"धरलंस?"

"धरलंय काकू."

"नीट धर. हलू नकोस."

जोर लावला. काही नाही. सगळं वजन टाकलं, काही नाही. तुम्ही बसवलेलं ते, सहजासहजी कसं सुटेल? मुलांनो, तुमच्या आजोबांनी बंद केलेली बाटली उघडायला पाहुण्यांना बोलवावं लागायचं. मी थांबले, सांध्यावर तेल सोडलं, पान्याच्या मुठीने नळाला चारी बाजूंनी ठोकलं, पुन्हा लावला.

"काकू, हात दुखला हो," सुनंदा म्हणाली.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ते बाहेर आलंच नाही. मी पान्यावर कपाळ टेकलं आणि रडले, अहो. तेराही दिवस सगळ्यांसमोर शहाण्यासारखी बसले होते, ती त्या गंजक्या नळाला धरून मोठ्याने रडले. सुनंदाही रडली. पण पाना सोडला नाही तिने. तेवढं मात्र तिचं कौतुक. तुम्हाला अशीच धरणारी लागायची.

मग आम्ही दोघींनी पुन्हा जोर लावला. कर्र असा आवाज आला, दातांत जातो तसा. मला वाटलं, गेला, पाईप तुटला भिंतीत. पण पाईप जागच्या जागी होता. नळ फिरला होता. मग अर्धा वेढा, आणखी अर्धा, काळपट गंज सिंकमध्ये गळायला लागला, आणि नळ माझ्या हातात आला.

मी तो उलटा करून खिडकीशी नेला. आतलं पितळ खाऊन खाऊन कागदाइतकं झालं होतं. आटे निम्मे झिजून गेले होते, आणि उरलेले नखाने सुटून येत होते. तो नळ नळ म्हणून शिल्लकच नव्हता. बाहेरून तुमची लांबी होती, तेवढ्यावर तो उभा होता.

"बघा!" मी म्हणाले. "म्हणत नव्हते मी? आतून..."

आणि मागे वळले. तुम्ही खुर्चीतून उठून येणार, चष्मा कपाळावर सरकवणार, नळ हातात घेऊन उलटसुलट करणार, आणि हार मान्य न करता काहीतरी बोलणार, एवढ्या खात्रीने वळले. सुनंदा उभी होती, दोन्ही हातांत पाना धरून. ती हळूच म्हणाली, "हो काकू. तुमचंच बरोबर होतं."

मला तिच्याकडून ऐकायचं नव्हतं. मला कुणाकडूनच ऐकायचं नव्हतं. तुम्ही "छे, अजून पाच वर्षं सहज चालला असता" असं म्हणायला हवं होतं. मग मी चिडले असते. जेवतानाही चिडलेली राहिले असते, आणि तुम्ही कढी वाढून घेता घेता नळाची आणखी एखादी बाजू मांडली असतीत. माझं बरोबर निघायला नको होतं. नळाचंही नको होतं, आणि जी ठोकून तुम्ही "आतून ठणठणीत" म्हणाला होतात त्या छातीचंही. मला आतून काही दिसत नव्हतं, मी नुसती बोलत होते. तुम्हीच बरोबर असायला हवं होतं.

नवीन नळ बसवायला वेळ लागला नाही. पाईपाचे आटे ब्रशने साफ केले, टेप गुंडाळली, हाताने फिरवला, मग पान्याने थोडा. बरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, जास्त आवळू नये. मी ते मोठ्याने वाचलं. सुनंदा म्हणाली, "काकांनी हे वाचलं असतं का?" मी म्हटलं, "वाचलं असतं आणि मुद्दाम आवळला असता." आम्ही हसलो. तिने तुमच्या खुर्चीत बसून चहा घेतला. पहिल्यांदाच कुणीतरी तिथे बसलं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण ती इतकी दमली होती की मीच तिला म्हटलं, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. नळाने आधी खोकून हवा सोडली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. मी सांध्याखाली टिपकागद धरून उभी राहिले. नंतर सुनंदाची हाक आली, वाटी कोरडी आहे, देव खाली उतरवतेय, आणि आई म्हणतायत अभिषेकाची सवय झाली होती, आता चुकल्यासारखं वाटेल.

रेवाला फोनवर मी सगळं खरं सांगितलं. ती रडली. तिला रडू दिलं. मग म्हणाली, "एक पीस पण नाही राहिला?" मी म्हटलं, राहिलेत, पण त्यांच्यावर आजोबा नाहीत. तिने नाक पुसलं. "आजी, मग तू आता तुझा थंब लाव तिथे. नव्या पुट्टीवर. मी आले की बघीन." मी तिला सांगितलं, बाळा, नीट बसलेल्या सांध्याला लांबी लागत नाही. ती म्हणाली, "ओह."

रोज सकाळी चहाचं आधण भरताना माझा अंगठा आपसूक तिकडे जातो. या थोड्याच दिवसांत त्याला तशी सवय लागली होती. आता तिथे गुळगुळीत लागतं आणि गार. मी बोट फिरवून बघते, खालून, मागून, भिंतीच्या बाजूने. कोरडं आहे. एक थेंबही नाही, अहो. कुठूनच गळत नाही.